शीत कधी काढलं?

पॅलेस्टाइनच्या बातम्यांत मधूनच जनमताची एक टक्केवारी कानावर येते आणि आपण म्हणून मोकळे होतो, "संपलं! या लोकांना शांतता नकोच आहे." ही घाई कृपा करून करू नका.

शितावरून भाताची परीक्षा होते, हे खरं. पश्चिम किनाऱ्यावरच्या रामल्लाला पॅलेस्टिनी अभ्यासक खलील शिकाकी यांची जनमत पाहण्या घेणारी संस्था वर्षानुवर्षं हेच करते आहे. बाराशेच्या आसपास माणसं निवडायची, त्यांच्या घरी जायचं, समोर बसून विचारायचं. शीत नीट काढलेलं असतं. पण भात अजून चुलीवर आहे ना! गॅलप या सर्वेक्षण संस्थेचे आकडे बघा. २०१२ साली इस्रायलशेजारी स्वतंत्र पॅलेस्टाइन, या दोन राष्ट्रांच्या तोडग्याला पॅलेस्टिनींपैकी ५९ टक्के आणि इस्रायलींपैकी ६१ टक्के अनुकूल होते. २०२३ मध्ये ते २४ आणि २५ वर आले. दोन्हीकडचा भात एकाच आचेवर आहे. त्याच वर्षीच्या ७ ऑक्टोबरच्या हमासच्या हल्ल्यानंतर तर आच कुठल्या कुठे गेली. अशा वेळी काढलेलं शीत त्या घटकेचं असतं, कायमचं नव्हे.

आणि विचारलं काय, तेही बघा. नुसतं "तोडगा मान्य?" म्हटलं की पुष्कळांकडून "नाही" येतं. पण पॅलेस्टिनींना विचारलं, "तुमचे कैदी सुटले तर?" इस्रायली ज्यूंना विचारलं, "अरब देशांतून घरदार टाकून आलेल्या ज्यूंना भरपाई मिळाली तर?" तेव्हा नाही म्हणणाऱ्यांतलेच कितीतरी जण "हो" म्हणाले. दोन्ही बाजूंच्या अभ्यासकांनी एकत्र घेतलेल्या पाहण्यांत हे दिसलं आहे. म्हणून पुन्हा सांगतो, नकार त्या प्रश्नाला असतो, त्या दिवशीचा असतो.

२००३ साली शिकाकींनी पॅलेस्टिनी निर्वासितांना विचारलं, परतण्याचा हक्क मिळाला तर राहायला कुठं जाल? इस्रायलमध्ये म्हणणारे दहात एक निघाले. ते जाहीर करायच्या दिवशी जमाव कचेरीत घुसला, त्यांच्यावर अंडी फेकली. लोकांचं मत नुसतं मोजून सांगणंही तिथं इतकं अवघड आहे. त्यात २००६ नंतर पॅलेस्टिनी संसदेची निवडणूकच झालेली नाही, मग सामान्य माणसानं बोलायचं तरी कुठं?

एवढं मात्र करा. पुढचा आकडा वाचाल तेव्हा विचारलं कधी, कुणाला आणि नेमकं काय, हे आधी शोधा. बातमीत ते नसेल, तर त्या आकड्यावरून कुणाबद्दलही मत बनवू नका.