दुसऱ्याच्या मालाची अडतीस वर्षे



चिटणीसांनी मला पाऊण तास दिला आहे. अडतीस वर्षे मी दहा, वीस, फार तर तीस सेकंदांत बोलत आलो. पाऊण तास म्हणजे माझ्या हिशेबाने नव्वद जाहिराती झाल्या. घाबरू नका, त्या ऐकवणार नाही. मी आज धंद्याचा निरोप घ्यायला उभा आहे, आणि निरोप घेताना माल विकायचा नसतो.

दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती सुरू झाल्या आणि त्याच वर्षी मी मुंबईच्या एका जाहिरातसंस्थेत चिकटलो. हा धंदा आमच्या वडिलांच्या पचनी कधी पडला नाही. विविध भारतीवर १९६७ सालच्या नोव्हेंबरात जाहिराती आल्या, तेव्हापासून ते जाहिरात लागली की रेडिओचा आवाज बारीक करीत. आपलाच मुलगा पुढे चार घरच्या लोकांना उठून आवाज बारीक करायला लावणार, याचे त्यांना वाईट वाटे. १९८० साली माझे लग्न ठरले. बैठकीत भावी सासऱ्यांनी विचारले, "मुलगा करतो काय?" मामा म्हणाले, "जाहिराती लिहितो." सासरे क्षणभर थांबले आणि हळूच म्हणाले, "कागदावर की भिंतीवर?" कागदावर, असे कळल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला आणि मुलगी आमच्या घरात.

आमचे काम काय असे, तेही सांगतो. जाहिरात इंग्रजीत शिजे आणि मराठीत आम्ही ती गरम करून वाढायची. चित्र ठरलेले, चौकट ठरलेली. अर्थ थोडा सांडला तरी चालेल, पण अक्षरे चौकटीबाहेर जाता कामा नयेत! एकदा एका साबणासाठी मी 'आपल्या त्वचेला प्रेमाने वागवा' असे लिहून घरी आणले. आईने वाचले आणि म्हणाली, "अरे, वागवायचे ते सुनेला. अंगाला नुसता साबण लावा म्हण की." सून शेजारीच उभी होती. दोन्ही वाक्ये तिला पसंत पडली.

जाहिरातींतल्या खऱ्याखोट्यावर लक्ष ठेवणारी भारतीय जाहिरात मानक परिषद मुंबईत १९८५ साली स्थापन झाली. आमच्या घरी तशी परिषद पाच वर्षे आधीपासून भरत होती. बैठकीची जागा स्वयंपाकघर, अध्यक्षस्थानी आमची मंडळी. मी मजकूर वाचून दाखवायचा, तिने पोळी लाटता लाटता ऐकायचा आणि शेवटी एकच प्रश्न विचारायचा, "यातले खरे किती?" मग हात पुसून ती पेन्सिल घेई आणि विशेषणांवर एकेक काट मारी. कचेरीत मोठमोठ्या साहेबांपुढे मी तासन् तास भांडलो आहे. या प्रश्नापुढे मात्र माझे कधी चालले नाही.

हे आमच्याच घरी होते असे नाही. अमूल लोण्याच्या जाहिराती १९६६ साली सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांच्याकडे आल्या. त्यातले सगळ्यांच्या तोंडी बसलेले 'अटरली बटरली' घडले ते त्यांच्या पत्नी निशा यांनी घातलेल्या भरीमुळे. अॅलेक पदमसी यांची सर्फवाली ललिताजी आठवते ना? ती आपल्या आईवरून सुचली, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. भाजीवालीशी चार पैशांसाठी घासाघीस करणारी ती बाई चांगल्या मालाला मात्र बिनतक्रार जास्त दाम मोजी. फेव्हिकॉलच्या जाहिरातींनी देशाला हसवणारे पीयूष पांडे २०२५ साली गेले. ते जयपूरच्या नऊ भावंडांच्या घरातले. नऊ भावंडांत ज्याला आपले म्हणणे पुरे करता आले, त्याला बाजारात बोलायची भीती कसली?

मला तर वाटते, जाहिरात कचेरीत फक्त टाइप होते. माझ्या पाहण्यातला सर्वांत चोख मजकूर म्हणजे वाण्याची यादी. आमची ही लिही: 'तांदूळ पाच किलो, जुना. साबण, वास नसलेला. चहा, मागच्या वेळचा नको.' यातला 'मागच्या वेळचा' चहा माझ्याच जाहिरातीतला होता! त्या चहावर मी महिनाभर झिजलो होतो. तीन शब्दांत तिने त्याला घराबाहेर काढले, आणि यादी माझ्याच हाती देऊन मलाच वाण्याकडे धाडले.

२०२१ साली ती गेली. वर्तमानपत्रात द्यायची चार ओळींची बातमी लिहायला घरच्यांनी साहजिकच मला बसवले. मी 'प्रेमळ' लिहिले. हा शब्द मी एका केशतेलाला लावलेला होता. 'सात्त्विक' लिहिले, तो तुपाला दिलेला होता. 'घरपण जपणारी' म्हणावे, तर ती रंगाच्या डब्यावर छापून आलेली. अडतीस वर्षांत मी सगळी विशेषणे दुसऱ्यांच्या मालाला वाटून बसलो होतो, आणि माझ्या माणसासाठी एकही कोरे उरले नव्हते. मुलीने माझ्या हातातला कागद घेतला आणि एक शब्द न बोलता पेन्सिलीने एकेक काट मारली. खाली नाव राहिले, वय राहिले आणि स्मशानात नेण्याची वेळ राहिली. तेवढेच छापून आले. सगळे खरे होते.

आता यंत्रेही जाहिराती लिहितात. परवा नातवाने मला मिनिटभरात वीस मथळे काढून दाखवले. वीसही नीटनेटके, भांग पाडून बसलेल्या मुलांसारखे. मी म्हटले, "आजीचा प्रश्न विचार त्याला." त्याने विचारले, यातले खरे किती? यंत्राने मोठ्या नम्रपणे प्रश्नाबद्दल आभार मानले आणि आणखी वीस मथळे दिले. चाळीस मथळे घेऊन नातू माझ्याकडे बघत बसला. मी उठलो आणि त्याला पेन्सिल शोधून दिली.