खिशातल्या मोबाईलवरून लॅपटॉपला इंटरनेट



आज खतावर किंवा फवारणीवर बोलायचं नाही. आज बोलायचं आहे ते शेतीच्या कागदांबद्दल. ठिबक संचाच्या अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करायचा असो, नाहीतर १५ रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढायचा असो, ही कामं आता इंटरनेटवर होतात. पुष्कळ घरांत कॉलेजात शिकणाऱ्या मुलाचा किंवा मुलीचा लॅपटॉप असतो. तरीही आपण एका अर्जासाठी कडेगावला जातो, रांगेत उभे राहतो आणि दिवस मोडतो. कारण विचारलं तर उत्तर येतं, "लॅपटॉप आहे हो, पण घरात इंटरनेट कुठाय?"

मंडळी, इंटरनेट तुमच्या खिशात आहे. तुमचा मोबाईल टॉवरवरून इंटरनेट घेतो आणि तेच तो लॅपटॉपलाही देऊ शकतो. टेंभू योजनेचं पाणी कृष्णेतून उचलून आपल्या तालुक्यात येतं आणि पुढे पोटपाटानं तुमच्या वावरात जातं. इथं मोबाईल हा तुमचा पोटपाट समजा.

ही कल्पना आपल्या भागाला अगदी नवी नाही. शेजारच्या वारणा खोऱ्यात १९९८ साली सुमारे ७० गावांसाठी संगणकाचं जाळं उभारण्याचा प्रकल्प सुरू झाला. ऊस उत्पादकाला आपल्या उसाची माहिती गावातच मिळावी, हा हेतू होता. पुढे २००७ च्या सुमारास त्यातल्या सात गावांत गावच्या संगणकाऐवजी मोबाईल वापरून पाहिला. शेतकऱ्यानं मोबाईलवरून संदेश पाठवायचा आणि उत्तर संदेशानंच यायचं. कारखान्याच्या बाजूला संगणकाला मोबाईल जोडून हे काम साधलं होतं. आज तुमच्या हातातला मोबाईल त्याहून कितीतरी पटीनं ताकदीचा आहे.

आता जोडणी कशी करायची ते पाहू. तीन रीती आहेत.

पहिली रीत हॉटस्पॉटची. मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'हॉटस्पॉट आणि टेदरिंग' असं लिहिलेलं असतं. आयफोनमध्ये त्याला 'पर्सनल हॉटस्पॉट' म्हणतात. मोबाईल डेटा चालू ठेवून हॉटस्पॉट सुरू करा. तिथंच त्याचं नाव आणि पासवर्ड दिसेल. लॅपटॉपवर वायफायच्या यादीत ते नाव शोधा आणि पासवर्ड घाला. झाली जोडणी. मात्र मोबाईल लॅपटॉपजवळ ठेवा. दगडी भिंत किंवा पत्र्याचं छप्पर आडवं आलं की जोर कमी होतो.

दुसरी रीत केबलची. चार्जिंगची केबल मोबाईल आणि लॅपटॉप यांच्यामध्ये लावा आणि 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. ही जोडणी पक्की, आणि मोबाईलही चार्ज होत राहतो. पण काही स्वस्त केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून इंटरनेट जात नाही. टेदरिंगचं बटण दाबता येत नसेल तर आधी केबल बदलून पाहा. शिवाय वीज नसताना लॅपटॉपची बॅटरी मोबाईलकडे वळते, हे ध्यानात घ्या.

तिसरी रीत ब्लूटूथची. ती मोबाईलची बॅटरी कमी खाते, पण चालते सावकाश. बाकीचं काही जमेना तेव्हाच ती वापरावी.

घरात रेंज नीट येत नसेल तर मोबाईल खिडकीत, माळवदावर किंवा सोप्यात, जिथं रेंज मिळते तिथं ठेवा आणि लॅपटॉप त्याच्याजवळ न्या. हॉटस्पॉट चालू असताना मोबाईल तापतो. म्हणून तो उन्हात, उशीखाली किंवा धान्याच्या पोत्यावर गुंडाळून ठेवू नका.

आता महत्त्वाची गोष्ट सांगतो. ती मी चुकून शिकलो आहे.

मागे एकदा एका वस्तीवर संध्याकाळी गेलो होतो. तिथल्या एका आजोबांना उसासाठी ठिबकचा अर्ज भरायचा होता. त्यांच्या नातीचा लॅपटॉप होता. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "उद्या कडेगावला कशाला जाता? माझ्या मोबाईलवर आत्ता भरू." हॉटस्पॉट लावला. नावगाव, गट नंबर, सगळं भरलं. कागद चढवायची वेळ आली आणि चाक नुसतं फिरत राहिलं. पाहतो तर दिवसाचा सगळा डेटा संपलेला. आम्ही अर्ज भरत होतो आणि लॅपटॉप मागच्या बाजूनं स्वतःचं अपडेट उतरवून घेत होता. वायफाय मिळालं म्हणजे घरची मोठी लाईन मिळाली, असं त्याला वाटतं. दुसऱ्या दिवशी आजोबांची पाण्याची पाळी होती. ती गड्यावर सोपवून त्यांना कडेगावला जावं लागलं. मला रागावले नाहीत. पाणी सोडण्याआधी पाटाची बिळं बघावी लागतात, एवढंच म्हणाले.

तेव्हापासून मी बिळं बघतो. तुम्हीही बघा.

बहुतेक रिचार्जमध्ये रोज दीड किंवा दोन जीबी डेटा मिळतो. तो संपला की वेग पुष्कळदा ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगानं एक एमबीचा एक कागद चढवायला दोन मिनिटांच्या वर लागतात आणि तोवर संकेतस्थळ तुम्हाला बाहेर काढतं. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी पुढील गोष्टी करा.

१. विंडोजच्या लॅपटॉपवर वायफायच्या सेटिंगमध्ये त्या जोडणीपुढे 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. म्हणजे पाणी मोजून आहे, हे लॅपटॉपला कळतं आणि मोठी अपडेटं बहुधा थांबतात.

२. लॅपटॉपवरचे व्हिडिओ आणि इतर उघडी पानं बंद करा. घरातल्या दुसऱ्या कोणाचा मोबाईल तुमच्या हॉटस्पॉटला जोडलेला नाही ना, तेही पाहा.

३. सातबारा, आठ-अ, बँक पासबुक यांच्या प्रती आधीच तयार करून लॅपटॉपमध्ये ठेवा. संकेतस्थळानं सांगितलेल्या आकारापेक्षा त्या मोठ्या नकोत.

४. अर्जाचं काम सकाळी, ताज्या डेटावर करा. शेवटच्या तारखेच्या रात्रीवर टाकू नका.

५. हॉटस्पॉटचा पासवर्ड निदान आठ अक्षरांचा ठेवा. एक ते आठ आकडे किंवा स्वतःचा मोबाईल नंबर ठेवू नका. तुमच्या हॉटस्पॉटवरून कोणी वाकडं काम केलं तर माग तुमच्या सिमकार्डापर्यंत येतो.

आपल्या घरी, आपल्या मोबाईलवरून अर्ज भरण्याचा मोठा फायदा आहे. ओटीपी तुमच्याच हातात येतो आणि तुम्हीच तो घालता. दुसऱ्याकडे अर्ज भरताना आपण सहज ओटीपी सांगून मोकळे होतो. ओटीपी म्हणजे तिजोरीची किल्ली. फोनवरून कोणी कृषी खात्याचं किंवा बँकेचं नाव सांगून मागितला तरी देऊ नका. फसवणूक होऊन पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर तक्रार नोंदवा.

काम झालं की अर्जाची पोचपावती लॅपटॉपमध्ये साठवा, अर्ज क्रमांक वहीत लिहून ठेवा, संकेतस्थळावरून बाहेर पडा आणि हॉटस्पॉट बंद करा. पाणी पाजून झाल्यावर दारं मोडतो, तसंच हे.

पहिल्या खेपेला अडखळायला होईल. म्हणून अर्जाची घाई नसताना एकदा जोडणी करून बघा. पोराला किंवा नातीला शेजारी बसवा, पण बटण तुम्ही दाबा. अर्जात काय लिहावं याची अडचण आली तर आपल्या गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारा. पिकाबद्दल शंका असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

पाळीचं पाणी आपण एक थेंबही वाया जाऊ देत नाही. तीच काटकसर डेटाला लावली तर कागदापायी मोडणारे दिवस वाचतील आणि ते वावरात सत्कारणी लागतील.