दिमोनातला चहा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कपाशीच्या खर्चाचा हिशेब मांडण्याआधी मला एक चूक कबूल करायची आहे. कृषी पदवी घेतल्यावर काही वर्षे मी गावोगाव व्याख्याने देत हिंडलो. त्यात एक वाक्य ठरलेले असे: "इस्रायलचा शेतकरी वाळवंटात सोने पिकवतो, मग तुम्हाला काय धाड भरली?" समोरची माणसे खाली मान घालून ऐकून घेत. ते वाक्य मी आज तुमच्यासमोर परत घेतो. मला ते परत घ्यायला लावले आपल्याच मुलखातल्या दोन म्हाताऱ्या माणसांनी, आणि ती भेटली थेट इस्रायलात.

2018 च्या मे महिन्यात आम्ही काही जण तेल अवीवच्या कृषी प्रदर्शनाला गेलो होतो. तिथून दक्षिणेला नेगेवच्या वाळवंटात गेलो. 1965 साली जिथे ठिबकचा कारखाना निघाला ते हात्झेरीम पाहिले आणि पुढे दिमोना नावाच्या गावात गाडी थांबली. सोबत यवतमाळकडचा एक कपाशीवाला होता. आदल्या हंगामात गुलाबी बोंडअळीने त्याचे शेत खाल्ले होते. दुकानावरच्या पाट्या आम्हाला वाचता येईनात. तो मला म्हणाला, "काहून जी, इतं च्या भेटन का नाई?"

गल्ल्यामागची म्हातारी उठून उभी राहिली. म्हणाली, "मिळेल की! बसा, टाकते मी."

आम्ही दोघे तिच्या तोंडाकडे बघतच राहिलो. ही आपली कोकणातली बेने इस्रायल माणसे. शेकडो वर्षे कुलाबा जिल्ह्यात राहिली, घाण्यावर तेल गाळून पोट भरले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर. 1948 नंतर हजारोंनी इस्रायलात गेली. घरात मराठी राहिली. त्यांनी तिथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही चालवले.

म्हातारीने चहाबरोबर चिवडा ठेवला. तिचे यजमान आतून आले. मुंबईच्या गिरणीत, नंतर दिमोनाच्या कापड गिरणीत जन्म काढलेले. गाव कोणते, पाऊस कसा, कापसाला भाव काय, सगळे विचारून घेतले. आमच्या गड्याने बोंडअळीचे सांगितले आणि वर म्हणाला, "तुमच्यावाल्या शेतकऱ्याची अक्कलच न्यारी, बाबा. आमाले नाई जमत."

म्हातारा एकदम गंभीर झाला. म्हणाला, "असं बोलू नका. आम्हालाही इथं हेच ऐकवलं, आणि काही दिवस आम्हाला ते खरंही वाटलं." मग त्यांनी सांगितले. तिथल्या मुख्य धर्मपीठाने 1962 च्या सुमारास फर्मान काढले की बेने इस्रायलांचे लग्न लावण्याआधी त्यांच्या पिढ्या तपासा. म्हणजे हे अस्सल यहुदी आहेत की नाहीत याचीच शंका. ही गरीब माणसे जेरुसलेमला जाऊन ठिय्या देऊन बसली. 1964 च्या ऑगस्टमध्ये संसदेला जाहीर करावे लागले की हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत. त्याच वर्षी गालील सरोवराचे पाणी नळांनी दक्षिणेकडे आणणारी मोठी योजना सुरू झाली.

म्हातारा म्हणाला, "चौसष्टला दोन गोष्टी झाल्या. पाणी आलं आणि आमचा मान आला. पाणी सरकारनं आणलं. मान आम्ही भांडून आणला."

भावांनो, एवढा खुलासा मला चार वर्षांच्या कॉलेजात मिळाला नव्हता. बीरशेबाला वर्षाला 200 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आपल्या पश्चिम विदर्भात 700 ते 1000. तरी तिथला कापूस भिजतो, कारण दुसऱ्या टोकाचे पाणी तिथवर नेले आहे. शहरांचे सांडपाणी शुद्ध करून त्यातले बहुतेक शेतीला देतात. पाणी मीटरने मोजून, ठरलेला कोटा. नळी शेतकऱ्याच्या शेतात दिसते. तिच्या मागचे सरकार फोटोत दिसत नाही. मी तुम्हाला नळी दाखवत होतो आणि मागचे लपवत होतो. आपल्याकडे ठिबक आहे, विहिरीत पाणी नाही. पाणी आहे तर वीज रात्री दोनला. आणि पिकले तर भाव नाही. यात शेतकऱ्याची अक्कल कुठे कमी पडली?

ठिबक वाईट आहे असे मी म्हणत नाही. परवडेल त्याने जरूर घालावे. पण कोणी पुन्हा इस्रायलचे नाव घेऊन तुम्हाला आळशी ठरवले, तर खाली मान घालू नका. पाणी किती, वीज कधी, भाव काय, हे तीन प्रश्न त्याला उभे राहून विचारा.

निघताना म्हातारीने चहाचे पैसे घेतले नाहीत. आमच्या गड्याला म्हणाली, "गावाकडचा माणूस हात जोडून उभा राहिला की बरं वाटत नाही रे. ताठ जा."

तिचा निरोप मी तुमच्यापर्यंत पोचवला. आता वह्या काढा, एकरी खर्च लिहू.