वाफेंत काय असतें?

पौषी पौर्णिमेला मुरबाड तालुक्यांतील म्हसा येथें यात्रा भरते. तेथील गुरांचा बाजार ठाणें जिल्ह्यांत प्रसिद्ध आहे. बैल घेणारा शेतकरी विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबत नाहीं. तो बैलाचे दांत पाहतो, खूर पाहतो, चार पावलें चालवून पाहतो आणि मगच सौद्याला हात घालतो. ‘ह्याच्यांत खोड आहे हें तुम्हींच दाखवा,’ असें विकणाऱ्याला म्हणतां येत नाहीं. खोड नाहीं हें पटविण्याचा भार त्याच्यावरच असतो. बाजाराचा हा साधा न्याय आज एका नव्या वस्तूला लावून पाहण्याजोगा आहे. ती वस्तु म्हणजे विजेवर चालणारी सिगारेट, अर्थात् ई-सिगारेट.

शहापूर तालुक्यांतील तरुण आसनगांवला लोकल पकडून रोज कल्याण-ठाण्याकडे शिकावयास जातात. मुरबाडचीं मुलें एस. टी.नें कल्याण गांठतात. अशा मुलांपैकीं एकाच्या हातीं कोणी सोबती पेनासारखी नळी देतो व म्हणतो, ‘‘हिच्यांत तंबाखू नाहीं, धूर नाहीं, नुसती फळाच्या वासाची वाफ आहे.’’ मुलगा ओढून पाहतो. घरीं आजीला संशय येतो, तेव्हां तो म्हणतो, ‘‘आजी, ह्यानें अपाय होत असता तर लोकांना कळलं नसतं का?’’ ओटीवर मशेरी लावीत बसलेली आजी म्हणते, ‘‘बाळा, मी ही लावायला लागले तेव्हां मलाहि असंच सांगितलं होतं. दांत बळकट होतात म्हणे.’’ असें एखादें घर कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावें. आजीच्या त्या एका वाक्यांत सर्व विषय सांठलेला आहे.

मशेरी, जिला कांहीं भागांत मिश्री म्हणतात, ती म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. महाराष्ट्राच्या खेड्यांतील स्त्रियांनीं पिढ्यान् पिढ्या ती दंतमंजन समजून हिरड्यांवर चोळली. व्यसन लावणारें निकोटीन तिच्यांत असतेंच. शिवाय भाजण्यानें बेन्झोपायरीनसारखीं कर्करोगकारक द्रव्यें वाढतात, हें पुढें प्रयोगशाळेंत दिसून आलें. मुंबईंतील १२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी २००४ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांपैकीं ज्या स्त्रिया बिनधुराची तंबाखू, बहुतांशीं मशेरीच, वापरीत होत्या, त्यांच्या मुलांचें जन्मवेळचें वजन सरासरीनें १०५ ग्रॅम कमी भरलें. ‘अपाय ठाऊक नाहीं’ आणि ‘अपाय नाहीं’ ह्या दोन वाक्यांतील अंतर असें शरीरानें मोजावें लागलें.

आतां नळींतील द्रवाकडे वळूं. हन् लिक् नांवाच्या चिनी औषधशास्त्रज्ञानें २००३ सालीं हें यंत्र सिद्ध केलें. लहानशा विद्युत्‌घटानें तार तापते व द्रवाचें धुकें होतें. त्याला वाफ म्हणतात खरें. परंतु वस्तुतः तो अतिसूक्ष्म थेंबांचा समूह असतो. द्रवांत मुख्यतः प्रोपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन, बहुधा निकोटीन, आणि नाना प्रकारचे सुवास असतात. विकणारा सांगतो कीं ग्लिसरीन खोकल्याच्या औषधांत असतें व हे सुवास मिठाईंत वापरतात. तें खोटें नाहीं. पण खोकल्याचें औषध जठरांत जातें, फुप्फुसांत नव्हे. जठराला परकें अन्न पचविण्याची सवय आहे. फुप्फुसाच्या कोमल पडद्याला केवळ हवेचीच.

ह्या भेदाचें एक दुःखद उदाहरण आहे. लोण्याचा वास देणारा डायासेटिल हा पदार्थ खाण्यास निर्धोक मानला जातो. अमेरिकेंतील मिसुरी राज्यांत मक्याच्या लाह्यांच्या एका कारखान्यांतील आठ माजी कामगारांना श्वासनलिकांचा असाध्य विकार जडल्याचें २००० सालीं उघडकीस आलें. लाह्या खाऊन नव्हे, तर तो वास श्वासावाटे घेऊन. पुढें २०१५ मध्यें हार्वर्ड येथील संशोधकांनीं ई-सिगारेटचे ५१ सुवासिक नमुने तपासले. त्यांपैकीं ३९ नमुन्यांत डायासेटिल आढळलें. ई-सिगारेटनें तोच विकार होतो, असें ह्यावरून सिद्ध होत नाहीं. परंतु ‘खाण्यास योग्य’ हा दाखला येथें पुरत नाहीं, एवढें निश्चित ठरतें.

दुसरी गोष्ट उष्णतेची. तव्यावर तंबाखू भाजली असतां जसे तिचे गुण पालटतात, तसें द्रव फार तापला कीं त्यांतून फॉर्माल्डिहाइड व अक्रोलीन हीं दाहक द्रव्यें निर्माण होऊं शकतात. तिसरी गोष्ट भेसळीची. २०१९ सालीं अमेरिकेंत अशा नळ्या ओढणाऱ्यांत फुप्फुसांच्या तीव्र विकाराची सांथ उद्भवली. १८ फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ रुग्णांची नोंद झाली व ६८ जण दगावले. बहुतेकांनीं गांजाच्या अर्काचे द्रव ओढले होते, आणि त्यांत मिसळलेल्या ‘ई’ जीवनसत्त्वाच्या ॲसिटेटवर मुख्य ठपका आला. हाच पदार्थ पोटांत घेतला किंवा त्वचेवर लावला तर सहसा बाधत नाहीं!

दुसरी बाजूहि न्यायानें सांगितली पाहिजे. जळत्या सिगारेटच्या मानानें ह्या धुक्यांत विषारी द्रव्यें कमी असतात, असें अमेरिकेंतील राष्ट्रीय विद्वत्संस्थांनीं २०१८ च्या अहवालांत मान्य केलें. परंतु दीर्घकालीन परिणाम स्पष्ट झालेले नाहींत, असेंहि त्याच अहवालानें बजावलें. जो कधीं धूम्रपान करीतच नाहीं, त्याला ह्या तुलनेचा काय उपयोग? विहिरींत पडण्यापेक्षां ओढ्यांत पडणें बरें, हें काठावर उभ्या असलेल्याला सांगून काय लाभ?

भारतांत २०१९ च्या कायद्यानें ई-सिगारेटचें उत्पादन, आयात, विक्री, सांठा व जाहिरात ह्यांस बंदी आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊं शकतात. तरीहि जी नळी चोरून हातीं येते, तिच्यांत काय भरलें आहे ह्याचा जबाबदार कोणीच नसतो. वेष्टनावर लिहिलेलें खरें कीं खोटें, तेंहि कोणी तपासलेलें नसतें.

अशा वेळीं घरांतील वडील मंडळींनीं मुलावर न रागावतां त्याच्याशीं ह्या गोष्टी बोलाव्यात. सवय जडलीच असेल तर तंबाखू सोडण्यास साहाय्य करणारा १८००-११-२३५६ हा विनाशुल्क दूरध्वनि सिगारेटच्या पाकिटावरहि छापलेला असतो. त्याच आधारानें आजीलाहि आपली मशेरी सोडतां येईल. नातवानें तेवढा क्रमांक तिला लावून द्यावा.

म्हशाच्या बाजारांत बैलाचा सौदा फसला, तर पुढच्या पौषांत दुसरा बैल घेतां येतो. फुप्फुसांचा बाजार मात्र कोठेंच भरत नाहीं.