शाळेच्या बाकावर घडलेला वाचक

(ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवात मी शाळेविषयी बोलणार आहे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु गेली शंभर वर्षे या कपाटांतील पुस्तके ज्यांनी वाचली, ते वाचक कोठून आले, असा प्रश्न केला तर उत्तर शाळेच्या बाकापाशीच मिळते.

गुलबर्गा हे निजामाच्या राज्यातील सुभ्याचे ठिकाण. २०१४ साली त्याचे नाव कलबुर्गी झाले. तेथे १९०७ साली विठ्ठलराव देऊळगावकर यांनी नूतन विद्यालयाची स्थापना केली. त्याच वर्षी हैदराबादेत विवेकवर्धिनी सुरू झाली. हा योगायोग नव्हे. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचेही माध्यम उर्दूच होते. मातृभाषेतून शिकावयाचे तर समाजाने स्वतःच्या खिशातून शाळा काढणे एवढाच मार्ग होता. एरवी मुलाने आगगाडीत बसून इंग्रजी मुलखातील सोलापूर गाठावे. स्वामी रामानंद तीर्थांचे बालपण गाणगापुरात गेले, पण माध्यमिक शिक्षणासाठी त्यांना सोलापूरच जवळ करावे लागले. पुढे हेच स्वामीजी १९२१ साली स्थापन झालेल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक झाले. मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणारा पुरुष आधी शाळामास्तर होता, हे आपण विसरू नये.

सभा भरविण्यास सरकारी परवानगी लागे, अशा त्या काळात शाळेचे स्नेहसंमेलन, वक्तृत्वसभा आणि हस्तलिखित मासिक यांना वेगळेच मोल आले होते. १९३८ साली उस्मानियात ‘वंदे मातरम्’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्या आंदोलनाची लाट गुलबर्ग्यापर्यंत पोचली.

माझे वडील औराद भागातील खेड्यातून शहरात शिकावयास आले, ते पोलीस कारवाईच्या आधी तीन-चार वर्षे. सात घरी वार लावून जेवत. त्यांतील दोन घरे कन्नड बोलणाऱ्यांची होती. ते सांगत, ‘‘हिशेब मोडीत, अर्ज उर्दूत, आईला पत्र बाळबोधीत, आणि ताक मागायचे ते कन्नडात!’’ या तीन भाषांचा त्यांना कधी बोजा वाटला नाही. हुमनाबादच्या माणिकप्रभूंनी मराठी, कन्नड आणि हिंदीत पदे रचली, त्याच मातीतले हे शहाणपण होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात राहिला. मामा एका राज्यात आणि भाचा दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती झाली. सीमेच्या न्यायान्यायाची चर्चा येथे करीत नाही. भाच्याच्या दप्तराचे काय झाले, एवढेच पाहू. मराठी शाळा चालू राहिल्या. मीही अशाच एका शाळेत शिकलो. परंतु नोकरी, न्यायालय, कचेरी यांची भाषा कन्नड झाली. ते स्वाभाविकच होते. कन्नड शिकल्याने माझे मराठी उणे झाले नाही. उलट शब्दाचे वजन दोन तराजूंत करून पाहण्याची सवय लागली.

मग घसरण कोठे झाली? येथे मला स्वतःकडे बोट दाखविले पाहिजे. मी मराठीचा एम.ए., तीस वर्षे मराठीच शिकवितो. माझ्या मुलीला मी इंग्रजी माध्यमात घातले. ती घरी उत्तम मराठी बोलते. गेल्या दिवाळीत तिला आजोबांचे एक जुने पत्र वाचावयास दिले. अक्षरावर बोट ठेवून ती दोन ओळी वाचू शकली आणि म्हणाली, ‘‘बाबा, तुम्हीच वाचा ना.’’ ते पत्र मी वाचून दाखविले, पण माझा आवाज ठिकाणावर नव्हता. निजामाच्या राजवटीत जे तुटले नाही, राज्यपुनर्रचनेत जे तुटले नाही, ते माझ्या घरात, माझ्या संमतीने तुटत होते.

म्हणून या मंगल प्रसंगी माझे एक मागणे आहे. ग्रंथालयाने आता वाचकाची वाट पाहत बसू नये. दर शनिवारी पुस्तकांची एक पेटी जवळच्या शाळेत जावी. मराठी शाळेत तर जावीच, इंग्रजी आणि कन्नड माध्यमाच्या शाळांतही जावी. सोबत एखादा सेवानिवृत्त शिक्षक असावा. त्याने परीक्षा घेऊ नये, फक्त अर्धा तास गोष्ट वाचून दाखवावी. यास मोठ्या अनुदानाची गरज नाही. १९०७ साली तरी कोणते अनुदान होते?

त्या पेटीबरोबर जाणारा पहिला स्वयंसेवक म्हणून माझे नाव लिहून घ्यावे. घरी एक विद्यार्थिनी आहेच. आजोबांच्या त्या पत्राच्या आता सहा ओळी झाल्या आहेत.