संघटनेचा शब्द
(इस्लापूर येथील मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी मला 'संघटना' या विषयावर बोलावयास सांगितले. शाळेत असताना मी मुलांना काटक्यांच्या मोळीची गोष्ट इतक्या वेळा सांगितली आहे की, आज ती पुन्हा सांगण्याचे धाडस मला होत नाही. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी ती माझ्याच तोंडून ऐकलेली आहे. म्हणून आज एका परक्या संघटनेची हकीगत सांगतो. ती आहे मोटारी विकणाऱ्या दुकानदारांची.

विषय काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु आपल्या चार-पाच घरांतील मुले नांदेडच्या शोरूममध्ये नोकरीस आहेत, आणि दुचाकी, ट्रॅक्टर वा मोटार यांपैकी एकही वाहन दारी नाही असे घर आता आपल्यात विरळा. तेव्हा त्या व्यवसायाची सुखदुःखे आपल्यालाही थोडीबहुत कळलेली बरी.

राज्याराज्यांतील विक्रेत्यांच्या संघटना मिळून १९६४ साली त्यांचा अखिल भारतीय महासंघ झाला. 'फेडरेशन ऑफ ऑटोमोबाइल डीलर्स असोसिएशन्स' हे त्याचे लांबलचक नाव. 'फाडा' हे सोयीचे. कचेरी दिल्लीस. त्या काळी ॲम्बॅसेडर वा फियाट हवी असेल तर पैसे भरून नाव नोंदवावे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी, अशी स्थिती होती. गिऱ्हाईक हात जोडून उभे आणि दुकानदार गादीवर. आज पारडे नेमके उलटे झाले आहे. दुकानदार वर कारखानदारापुढे हात जोडतो आणि खाली गिऱ्हाइकापुढेही.

याचे कारण हिशेबात आहे. कारखान्याच्या फाटकातून गाडी बाहेर पडली की कारखानदाराच्या वहीत ती विकली गेली. दुकानदाराच्या वहीत मात्र ती विकली जाते ती कोणी तरी नारळ फोडून घरी नेईल तेव्हा. मधल्या काळात ती उभी असते, आणि बँकेचे व्याज चालू असते. महासंघाचे माझ्या मते सर्वांत मोलाचे काम हेच की, सरकारी नोंदणीच्या आकड्यांवरून प्रत्यक्षात किती वाहने विकली गेली, हे तो दरमहा प्रसिद्ध करतो. २०२४ च्या ऑगस्ट महिन्याचा हिशेब देताना त्याने सांगितले की, देशभरातील दुकानांत ७ लाख ८० हजार मोटारी न विकता उभ्या आहेत, त्यांची किंमत ७७,८०० कोटी रुपये आहे आणि हा साठा ७० ते ७५ दिवसांचा आहे. मास्तरकीची खोड, मी लगेच भागाकार केला. एका मोटारीमागे सुमारे दहा लाख रुपये पडले. द.सा.द.शे. ९ धरले तर ७५ दिवसांचे व्याज साडेअठरा हजार होते. एका गाडीचे! शोरूममधील आपल्या मुलांचे पगार महिनाअखेरीस का रेंगाळतात, याचे उत्तर कदाचित या उदाहरणात सापडेल.

कारखानदार देश सोडून गेला तर? जनरल मोटर्सने २०१७ साली येथील विक्री बंद केली. ९ सप्टेंबर २०२१ रोजी फोर्ड कंपनीने येथील उत्पादन थांबविण्याची घोषणा केली. तेव्हा महासंघाने मांडलेले आकडे असे : १७० विक्रेते, त्यांची ३९१ दुकाने, सुमारे २,००० कोटींची गुंतवणूक आणि ४०,००० नोकरदार. अशा प्रसंगी विक्रेत्यास संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा असावा, ही महासंघाची मागणी तेव्हा पुन्हा पुढे आली. मागणी रास्त आहे, असे मला वाटते. दुकान उभारण्यास जमीन दुकानदाराची, कर्ज त्याचे; आणि करारपत्र मात्र कंपनीने लिहिलेले.

बाकी अर्थसंकल्पापूर्वीची निवेदने, मंत्र्यांच्या भेटी वगैरे कामे सर्वच संघटना करतात. त्यांत वेळ दवडीत नाही. मला सांगावयाची आहे ती २०२० सालची हकीगत.

वाहनांच्या धुरावर मर्यादा घालणारे नियम टप्प्याटप्प्याने कडक होत आले आहेत. चौथ्या टप्प्याची, म्हणजे बी.एस.-४ जातीची वाहने १ एप्रिल २०२० पासून विकताही येणार नाहीत आणि नोंदविताही येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्येच दिला होता. दुकानदारांचा सारा भरवसा मार्चअखेरच्या विक्रीवर, विशेषतः गुढीपाडव्यावर. त्या वर्षीचा पाडवा २५ मार्चला होता. आणि त्याच दिवसापासून सारा देश टाळेबंदीत गेला!

माझ्या पुतण्याने एक मोटारसायकल पसंत केली होती. पैसे भरले होते, पावती झाली होती, दुकानदाराने सरकारी संगणकावर नोंदही केली होती. पाडव्याच्या मुहूर्तावर ती घरी आणावयाची एवढेच उरले होते. वहिनींनी पूजेचे ताटसुद्धा काढून ठेवले होते. गाडी दुकानातच राहिली.

महासंघ न्यायालयात गेला. आमचा माल पडून आहे, दुकाने सरकारी हुकुमाने बंद आहेत, मुदत वाढवून द्यावी, अशी त्याची विनंती होती. २७ मार्च रोजी न्यायालयाने सवलत दिली. दिल्ली व तिचा परिसर वगळून, टाळेबंदी उठल्यावर दहा दिवसांत शिल्लक मालापैकी दहा टक्के विकण्यास परवानगी मिळाली. संघटनेने आपल्या माणसांसाठी जे करावे, तेच त्याने केले. हे यश लहान नव्हते.

पुढे काय झाले? परवानगी होती सुमारे १ लाख ५ हजार वाहनांची. विकली गेली २ लाख ५५ हजार. मार्चच्या अखेरच्या दिवसांत, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, एवढी वाहने कोणी घेतली, असा प्रश्न न्यायालयालाच पडला. ८ जुलै २०२० रोजी त्याने आपली सवलत मागे घेतली, आणि ३१ जुलैला पुढील हुकूम होईपर्यंत बी.एस.-४ वाहनांची नोंदणीच थांबविली. ज्या दुकानदारांनी एकही गाडी जादा विकली नव्हती, तेही त्यांत भरडले गेले. माझा पुतण्याही भरडला गेला. टाळेबंदी सैल झाल्यावर आणलेली त्याची मोटारसायकल अंगणात प्लास्टिकच्या कागदाखाली उभी असे, आणि शेतावर तो पायी जात असे. त्याच्या दुकानदाराचा यात काडीचाही दोष नव्हता, हे मुद्दाम सांगतो. १३ ऑगस्टला न्यायालयाने, ३१ मार्चपूर्वी विकलेल्या व सरकारी संगणकावर चढविलेल्या वाहनांच्या नोंदणीस मोकळीक दिली, तेव्हा कुठे पुतण्याला क्रमांक मिळाला.

या प्रकरणाचा मी पुष्कळ विचार केला. महासंघाच्या वकिलांनी न्यायालयात शब्द दिला तो पंधरा हजारांहून अधिक विक्रेत्यांच्या वतीने. परंतु तो शब्द पाळावयास लावण्याचे साधन महासंघाच्या हाती कोणते होते? वर्गणी घेता येते, निवेदन देता येते. सभासदाच्या गल्ल्यावर जाऊन बसता येत नाही. आकडे दरमहा जाहीर करणाऱ्या संघटनेलाही स्वतःच्याच माणसांचा आकडा वेळेवर आवरता आला नाही.

आता हे आपल्यापर्यंत कसे येते, ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी याच मंडपात आपण ठराव केला की, साखरपुडा पन्नास माणसांत उरकावयाचा, म्हणजे मुलीच्या बापावर कर्जाचा बोजा पडणार नाही. ठराव मी वाचून दाखविला होता, टाळ्याही झाल्या होत्या. पुढच्याच वैशाखात माझ्या धाकट्या मुलीच्या साखरपुड्यात दीडशे पाने वाढली गेली. व्याह्यांचा आग्रह होता, असे मी त्या वेळी सर्वांना सांगत होतो. आग्रह माझाच होता. त्यानंतर आमच्याच गल्लीतील एका गरीब ज्ञातिबंधूने, "गुरुजींनी दीडशे केली, मग मी शंभर तरी करावीत," असे म्हणून सावकाराचे दार गाठले. ते कर्ज अजून फिटलेले नाही.

आज दुपारच्या सभेत तोच ठराव पुन्हा विचारार्थ येणार आहे, आणि या खेपेस मोडणाऱ्यांची नावे वाचून दाखवावीत, अशी त्यास दुरुस्ती सुचविलेली आहे. ती दुरुस्ती अपमानकारक आहे, असे काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे माझ्या कानांवर आले आहे. त्यांच्या मताचा आदर राखूनही माझा त्या दुरुस्तीस पाठिंबा आहे. मागील तीन वर्षांची यादी करावयाची झाल्यास तीत पहिले नाव माझे घालावे, अशी चिठ्ठी मी आज सकाळीच चिटणिसांकडे दिली आहे.