नानांच्या संबळाचे तीन थर

आवाज बसलाय, सांभाळून घ्या. परवाच अंबाजोगाईहून आलोय, नानांसोबत रात्रभर रेकॉर्डिंग चाललं होतं.

"दादा, गेमचं म्युझिक करायचंय, कुठून सुरू करू?" असे मेसेज बरेच येतात. आज तेवढंच बोलू. माझी फजिती पण सांगतो.

'राजी : ॲन एन्शंट एपिक' कुणी खेळलाय का? २०२० साली आलेला गेम, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं बनवलेला. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, आणि तिची गोष्ट सांगणारे दुर्गा आणि विष्णू. सगळं आपल्याकडचं. संगीतकार मात्र ग्रीसचा, लिनोस त्झेलोस. भारतीय वाद्यं आणि भूमध्य समुद्राकडच्या सुरावटी त्यानं अशा काही मिसळल्यात की बास! पण खरं सांगू? नाव वाचून मला जरा रागच आला होता. देवीची गोष्ट, गेम पुण्याचा, मग योगेश्वरीच्या गावचं पोरगं तिथं का नाही?

पुढं मला पहिलं काम मिळालं आणि राग उतरला. कारण मला ते येतच नव्हतं.

छोटा मोबाईल गेम होता. मी दीड मिनिटाचा ट्रॅक करून दिला. सुरुवात, चढ, शेवटी दणका, अगदी सिनेमासारखा. सिनेमात ते चालतं. अजय-अतुलनी 'सैराट'साठी थेट लॉस एंजेलिसमध्ये ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला, पण सीन किती सेकंदांचा आहे हे त्यांना आधी माहीत होतं. गेममध्ये खेळणारा एकाच पुलावर वीस मिनिटं अडकतो. माझा दणका वाजून जायचा आणि हा गडी अजून पुलावरच! मग ट्रॅक पहिल्यापासून, तोही धक्का बसून. काम परत आलं.

हे कोडं जुनंच आहे. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये चारच सूर आहेत, पण शत्रू कमी होत गेले की ते जलद होतात. १९९१ मध्ये 'मंकी आयलंड'च्या दुसऱ्या भागात, तुम्ही एका जागेतून दुसरीकडं गेलात की संगीतही वाजता वाजता वळण घेतं. मी हे सगळं वाचलं होतं, पण डोक्यात शिरलं ते गोंधळात.

नाना म्हणजे माझे चुलते. संबळ वाजवतात. मी विचारलं, "नाना, कथा किती वेळ चालणार हे तुम्हाला आधी कळतं का?"

"आरं, ते कसं कळल? सांगणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं. त्यो थांबला की आपण नुसतं जाड बाजूनं धरून ठेवायचं. त्यो पेटला की बारीक बाजू सोडायची."

मंडळी, गेम म्युझिक हेच आहे हो! रात्री बारानंतर, कुत्री गप झाल्यावर, एकाच लयीत तीन थर घेतले. पहिला फक्त जाड बाजूचा. दुसरा बारीक बाजूचा. तिसरा तुणतुण्याचा. प्रत्येक थर बरोबर सोळा आवर्तनांचा, म्हणजे शेवट सुरुवातीला सांधला जातो. मग एफमॉड नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये सांगायचं, शत्रू जवळ आला की दुसरा थर उघड, लढाई लागली की तिसरा. शिकायला ते फुकट मिळतं. कॉम्प्युटर लागतो, मोबाईलवर भागत नाही. पण रेकॉर्डिंग मी मोबाईलवरच केलं. फोन फ्लाइट मोडवर टाका आणि संबळापासून तीन हात लांब ठेवा, नाहीतर आवाज फाटतो.

गेमवाल्यांना हे आवडलं. पण निघताना नाना म्हणाले, "माझं नाव येतंय का रं त्यात?"

मी करार उघडला. एकरकमी पैसे, सगळे हक्क त्यांचे, क्रेडिटमध्ये फक्त मी. वाजवणाऱ्याचा उल्लेखच नाही, आणि मी न वाचता सही केलेली. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीत ३८ब कलम आलंय. आपल्या सादरीकरणाबद्दल आपली ओळख मागायचा हक्क त्यानं कलाकाराला दिलाय. तेच कलम लावून काल मेल केला : संबळावर कोण आहे ते लिहा, माझ्या नावाच्या वर लिहिलं तरी चालेल.

उत्तर अजून नाही. गेम पुढच्या महिन्यात येतोय. नानांचा सकाळपासून दोनदा फोन येऊन गेलाय.